एकेचाळीस शेतांची एकच तारीख

"हे सगळं खोटं आहे," असं म्हणून मी लॅपटॉप राव सरांकडे फिरवला.

एकेचाळीस शेतकरी. एकेचाळीस जणांची पेरणी एकाच दिवशी. एकेचाळीस शेतं नकाशावर एकाच ठिपक्यावर, एकमेकांच्या डोक्यावर उभी असल्यासारखी. आणि ही सगळी माहिती भरलेली एका सकाळी, दर दीड मिनिटाला एक शेत या वेगानं. डोंगरात इतक्या वेळात एका शेतावरून दुसऱ्या शेतावर माकडसुद्धा पोचणार नाही.

आमची कंपनी चेन्नईत, तरमणीला. डोंगरी गावांतल्या शेतकऱ्यांसाठी आम्ही मोबाइल ॲप चालवतो. कुणी काय पेरलं, कधी पेरलं, हे गावातली एक नेमलेली व्यक्ती फोनवर भरते. त्यावरून आम्ही शेतकऱ्यांना तमिळमधून आवाजी मेसेज पाठवतो. आता खुरपणी करा, किंवा दोन दिवस थांबा, पाऊस आहे. माझं काम डेटा क्वालिटी. म्हणजे आलेली माहिती खरी आहे की कुणी बसल्या जागी रचलेली आहे, हे ओळखायचं. त्यासाठी कॉम्प्युटरला नियम शिकवून ठेवलेले असतात. नियम मोडला की नोंदीपुढे लाल खूण येते. तिला आम्ही फ्लॅग म्हणतो.

सारख्या तारखा, सारखी जागा किंवा भराभर नोंदी, यांतलं एक जरी दिसलं की गावच्या गाव लाल करणारा नियम मी लिहिला होता. ऑफिसात त्याला 'वैशाली रूल' म्हणत. मला ते आवडायचं, उगाच कशाला नाकारू?

हे गाव होतं जव्वादु डोंगरातलं. तिथे सामै पिकते, आपल्या वरीसारखं बारीक धान्य. त्याची टरफलं काढायला बायका रोज पहाटे उखळात कांडत बसतात. प्रोजेक्टतर्फे डोंगरातल्या एका गावाला कांडपाचं यंत्र मिळणार होतं. अट एकच, गावाचा डेटा तपासणीत पास व्हायला हवा. दोन गावं शेवटच्या यादीत होती. हे एक आणि पलीकडच्या उतारावरचं दुसरं. त्या दुसऱ्या गावाचा डेटा इतका देखणा होता की मी तो सोमवारच्या मीटिंगसाठी नमुना म्हणून स्लाइडवर घेतला होता. तारखा कशा छान विखुरलेल्या, ठिपके कसे नकाशाभर पसरलेले.

लाल झालेल्या गावची माहिती सेल्वी नावाची बाई भरायची. मी तिला फोन लावला. तीनदा तुटला, चौथ्यांदा लागला.

"सगळ्यांची पेरणीची तारीख एकच कशी?" मी तमिळमध्ये विचारलं.

"एकच आहे, मॅडम."

"एकेचाळीस जणांची?"

"आमां, हो. एकेचाळीस जणांची." आणि फोन पुन्हा तुटला.

इतकं सरळ तोंडावर खोटं मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. मी राव सरांना म्हटलं, गाव यादीतून काढू आणि या बाईंना कामावरून.

राव सर आमचे प्रोजेक्ट हेड. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांची मराठी माझ्या मिरजेच्या मराठीहून जुनी, मधेमधे तमिळ पेरलेली. ते शांतपणे म्हणाले, "सरि, काढूं. पण एक वेळ जाऊन बघून ये. टेलिफोनांत अस्के कळत नाही." त्यांचं सरि म्हणजे बरं, अस्के म्हणजे सगळं.

"सर, सोमवारी मीटिंग आहे. आज गुरुवार."

"मग उद्यांच जा की!"

गेले. तिरुपत्तूरपर्यंत ट्रेन, पुढे डोंगरावर बस, आणि शेवटचा पाऊण तास पायी. माझा गुडघा तेव्हापासून माझ्याशी नीट वागत नाही.

सेल्वी वेशीवरच उभी होती. पस्तिशीची, काटक, चेहऱ्यावर हसू नाही. कशासाठी आलेय हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, जरा बसून बोलू. ती म्हणाली, "बसायचं नंतर. आधी शेतं मोजा." आणि चालायला लागली.

पहिलं शेत होतं. दुसरं होतं. तिसरं ओढ्याच्या पलीकडे होतं, पण होतं. प्रत्येक ठिकाणी शेतकरी किंवा त्याची बायको येऊन नाव सांगत होती. अकराव्या शेताला मी धाप लागून दगडावर बसले आणि म्हटलं, "पुरे."

"अजून तीस आहेत, मॅडम."

"पुरे म्हटलं ना! शेतं खरी आहेत. पण मग तू सगळी एकाच जागेवरून का भरलीस?"

तिनं वर बोट दाखवलं. गावामागे एक मोठा खडक होता. सगळ्या गावात मोबाइलची रेंज फक्त त्या खडकावर. माझा फोनही तिला तिथेच लागला होता. ती आठवडाभर शेताशेतांवर हिंडून सगळं वहीत लिहायची, आणि मग एका सकाळी खडकावर चढून एकापाठोपाठ एक भरून टाकायची. आमचं ॲप मात्र जागेची नोंद 'सबमिट' दाबताना घेत होतं. शेत कुठे का असेना, आमच्या नकाशावर ते खडकावरच उगवणार. ॲप तपासलं होतं आम्ही तरमणीत, एसीत बसून, जिथे लिफ्टमध्येसुद्धा रेंज असते.

"आणि तारीख?" मी विचारलं. माझा आवाज बराच खाली आला होता.

तिनं सांगितलं. या गावात देवळाच्या शेतात गावप्रमुख गवुंडर पहिली मूठ पेरतात. त्याआधी कुणी दाणा टाकत नाही. त्यांची मूठ पडली की त्याच दिवशी प्रत्येक जण आपापल्या शेतात निदान एक मूठ पेरतोच. तीच पेरणी. बाकीचं शेत मग एकमेकांच्या मदतीनं, पाळीपाळीनं पेरलं जातं. कुणाचं चार दिवसांनी, कुणाचं पंधरा.

"हे फोनवर का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं, तारीख एकच कशी. मी म्हटलं, एकच आहे. तुमच्याकडे दिवाळी काय प्रत्येक घरी वेगळ्या दिवशी असते?"

मग तिनं वही उघडली. प्रत्येक नावापुढे दोन तारखा होत्या. एक मुठीची, एक पूर्ण शेत पेरून झाल्याची. दुसऱ्या रकान्यात सगळ्या तारखा वेगवेगळ्या.

"ही दुसरी कशाला?"

"तुमचा मेसेज येतो, खुरपणी करा. अर्ध्या गावात रोप वरच आलेलं नसतं. खुरपायचं काय, माती? म्हणून लिहून ठेवली. पण तुमच्या फोनात तारखेला एकच डबा आहे."

आम्हाला हवी होती ती नेमकी माहिती या बाईनं कुणी न सांगता गोळा केली होती, आणि मी तिला कामावरून काढायला निघाले होते. मला मनापासून लाज वाटली. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. आधी जेवा."

जेवताना मी तिला सोमवारची स्लाइड दाखवली. डेटा कसा दिसावा लागतो हे समजावण्याचा माझा अजून हेतू होता. सवय जात नाही. तिनं गावाचं नाव वाचलं आणि घास हातातच राहिला.

"इथे माझी बहीण दिलीय. ते गावही आमच्याच गवुंडरांच्या दिवशी पेरतं. या एवढ्या तारखा कुठून आल्या?"

आम्ही खडकावर चढलो. तिनं बहिणीला फोन लावला, मी त्या गावाच्या यादीतल्या पाच शेतकऱ्यांना. या वर्षी त्यांच्याकडे माहिती विचारायला कुणी आलंच नव्हतं. तिथे नेमलेला माणूस पायथ्याच्या शहरात राहायचा. घरी बसून तो तारखा विखरून टाकायचा, आणि लोकेशन हवं तिथलं दाखवणारं ॲप फुकट मिळतं. कोणत्या नोंदीवर फ्लॅग येतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. आमच्या ट्रेनिंगला पहिल्या रांगेत बसून त्यानं माझी प्रत्येक स्लाइड वहीत उतरवून घेतली होती. त्या दिवशी मी त्याचं सगळ्यांसमोर कौतुकही केलं होतं.

सोमवारी निधी देणाऱ्या संस्थेच्या बाईंसमोर मी हे सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तुमच्या नियमानं खरं गाव नापास केलं आणि खोटं पास केलं?"

"हो."

"नियम कुणाचा?"

"माझा."

राव सर खिडकीबाहेर बघत होते. हसत असावेत.

यंत्र सेल्वीच्या गावाला मिळालं. खोट्या तारखा भरणाऱ्या त्या माणसाचं काम गेलं. सेल्वीनं मला विचारलं होतं, "बहिणीच्या गावाची यात काय चूक?" तेही मी मीटिंगमध्ये मांडलं. त्या गावानं नवी बाई नेमली, तिला शिकवायचं काम सेल्वीकडे आलं आणि पुढच्या यंत्रासाठी गाव यादीत राहिलं. ॲप आता रेंज नसतानाही शेतावरच जागेची नोंद घेतं. तारखेला दोन डबे झाले. आणि लाल खूण आली की गाव काढायचं नाही, आधी फोन करून कारण नीट ऐकून घ्यायचं, असा माझ्या नियमात बदल झाला. ऑफिसात त्याला अजून 'वैशाली रूल'च म्हणतात, फक्त म्हणताना जरा हसतात.

पुढच्या हंगामात डेटा आला. एकेचाळीस शेतं, पहिल्या डब्यात एकेचाळीस सारख्या तारखा, आणि स्क्रीनवर गाव पुन्हा लालेलाल. नियम म्हणजे नियम. मी फोन लावला. ती खडकावर होती, पण खालीच बसवलेल्या यंत्राची घरघर इतकी होती की सेल्वीला ओरडून बोलावं लागत होतं.

"सेल्वी, सगळ्यांची पेरणी एकाच दिवशी?"

"आमां, मॅडम. दुसरा डबा वाचलात का?"

नव्हता वाचला. फोन चालू ठेवूनच मी तो वाचायला घेतला.