पत्र्याच्या अलीकडचं डेबियन

संगमेश कसा आहे हे बघायचं असेल तर त्याच्याबरोबर संध्याकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध प्यायला जावं. तिथं म्हैस समोर उभी असते, धार समोर काढतात, तरी हा गवळ्याला आधी रिकामी चरवी उलटी करून दाखवायला लावतो. पेट्रोल पंपावर शून्य सगळेच बघतात, हा दुसऱ्याच्या गाडीत भरत असतानाही बघतो. शाळेपासूनचा माझा मित्र आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: त्याच्याबरोबर राहायचं म्हणजे रोज झडती द्यायची.

शिरोली एमआयडीसीत त्याची पॅटर्नची छोटी शेड आहे. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत ज्याचा ठसा उठवतात, तो नमुना म्हणजे पॅटर्न. संगमेश डिझाइन संगणकावर करतो आणि त्याचा जुना कारागीर गुंडू ते घडवतो. नमुना वाळू न मोडता अलगद वर यावा म्हणून बाजूंना उतार किती द्यायचा, कोपरे किती गोल करायचे, यात संगमेशचा हात धरणारा कोणी नाही. सगळी भाकरी त्या मापांवर.

मी कॉलेजात संगणक शिकवतो. शेड सुरू केली तेव्हा तो म्हणाला, "गुरु, आत काय चाललंय ते उघडून बघता येईल असलं कायतरी घाल." मी संगणक चालवणारी लिनक्स ही फुकटची, उघडी प्रणाली घातली, आणि तिच्या अनेक प्रकारांपैकी डेबियन. जुनं, सावकाश चालणारं, स्वतःहून तोंड न उघडणारं. संगमेश खूश. आयुष्यात त्यानं बिनशर्त कौतुक केलेली ही एकच वस्तू असावी.

मग गेल्या वर्षी एका फौंड्रीचे मालक सहज बोलून गेले, "तुमच्या शेजाऱ्याकडंबी हेच डिझाइन हाय की." शेजारी म्हणजे अमरसिंह. त्याचीही पॅटर्नचीच शेड, दोघांच्या मध्ये एक पत्रा. संगमेशनं कुणाकडून तरी तिथला नमुना बघून घेतला. तोच उतार, तीच गोलाई.

संशय पहिला डेबियनवर गेला. "एवढं गप्प बसतंय म्हणजे आत कायतरी शिजतंय," म्हणाला. मी हसलो. तेही त्यानं मनात टिपलं असणार.

त्यानं स्वतःच व्हिडिओ बघून उबुंटू हा लिनक्सचा दुसरा प्रकार घातला. उबुंटूनं सुरुवातीलाच विचारलं, तुमच्या मशीनची थोडी माहिती पाठवू का? नाही म्हणायची सोय होती, पण संगमेशला विचारणंच खटकलं. "चोर आधी बेल वाजवून बघतोय." मग मिंट. ते उघडल्याबरोबर अगत्यानं स्वागत करतं. एवढं गोड कोण बोलतं फुकटात? तेही गेलं. फेडोराचं रूप आवडलं, पण त्याची नवी आवृत्ती लगेच आली आणि जुनीत काय वाईट होतं हे त्याला कुणी सांगेना. शेवटी आर्च. त्यात सगळं आपल्या हातानं जोडायचं, म्हणून थोडे दिवस तो शांत होता. मग रोज येणारे अपडेट बघून त्याचं डोकं फिरलं आणि त्यानं इंटरनेटची वायरच उपसून टाकली.

तरीही पुढचं डिझाइन पत्र्यापलीकडे पोचलं.

आता संगणक निर्दोष सुटला. उरलो मी. संगमेश माझ्या घरी आला, चहाला हात लावला नाही, म्हणाला, "पयलं डेबियन तूच घातलंस न्हवं? तवापासनं माझ्या मशीनची चावी तुझ्याकडं हाय का?"

मला फार लागलं. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत मी त्याचे सगळे संशय चेष्टेवारी नेले होते, कारण ते माझ्यावर कधी आले नव्हते. मी त्याला दारापर्यंतही सोडायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी तणतणत मी थेट अमरसिंहच्या शेडमध्ये शिरलो. विचारलं, डिझाइन कोण पुरवतं तुम्हाला? तो अजिबात बिचकला नाही. "बसा की पावणं. च्या घ्या."

चहा येईपर्यंत पत्र्यापलीकडून आवाज आला, "कोपरा साडेसात!" लगेच दुसरा, "कोपरा साडेसात!" मग "उतार दोन!" आणि "उतार दोन!"

पॅटर्नच्या कामात चूक होऊ नये म्हणून एकानं माप सांगायचं आणि घडवणाऱ्यानं तेच परत म्हणायचं, अशी संगमेशची शिस्त. मशीनच्या आवाजात दोघंही ओरडणार. आधीच आमच्या कोल्हापुरी माणसाचं हळू बोलणंही चौकात ऐकू जातं.

"चोरी कसली?" अमरसिंह म्हणाला. "त्यो वरडतोय, आमी लिवून घेतोय. एकदा चुकलं तर गुंडू परत सांगतोयच."

मी जाऊन संगमेशला हे सांगितलं. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. "तिथं च्या प्यालास व्हय रं तू?"

मी दंडाला धरून त्याला अमरसिंहच्या शेडमध्ये उभा केला, परत आलो, आणि त्याच्या जागी बसून गुंडूला पडद्यावरची मापं ओरडून सांगितली. गुंडूनं इमानदारीत परत म्हटली.

संगमेश आला तो खाली बघत. मी वाट बघत होतो, निदान एक शब्द तरी बोलेल. त्यानं संगणकावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "डेबियन घाल परत. त्यानं काय केलं न्हवतं."

"आणि मी?"

त्यानं संगणकावरची धूळ बाहीनं पुसली. मी पेन ड्राइव्ह लावला. जुना निळा पडदा आला, सावकाश काम चालू झालं. नवा पासवर्ड मागितल्यावर मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तो उठून दाराकडे गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

"तूच घाल. कागदावर लिवून दे, तोंडानं बोलू नगंस. बोललास तर सवयीनं मी मोठ्यानं परत म्हणीन."

 मी पासवर्ड टाइप केला, चिठ्ठीवर लिहिला आणि ती त्याच्या खिशात घातली.

मी घरी गेल्यावर त्यानं तो पासवर्ड बदलला असणार, असा माझा दाट संशय आहे. शेडमध्ये मी एकटा असतो तेव्हा माझाच घालून बघता येईल. अजून तरी बघितलेला नाही.