मागणी कुणाकडे

पत्रकाची शेवटची ओळ आधी लिहायची, असं पप्पांनी मला शाळेत असतानाच शिकवलं. होळी गावातल्या आमच्या घरात केळीच्या घडांशेजारी पत्रकांचे गठ्ठे असत. गावच्या विहिरी उपसणाऱ्या टँकरांविरुद्धच्या पत्रकांना घड्या घालतच मी मोठी झाले. "मागणी काय आणि कुणाकडे, हे नसेल तर ते नुसतं रडगाणं," पप्पा म्हणत. त्यांची मागणी तहसीलदारांकडे असायची, फार तर मंत्र्यांकडे.

यंदा मला ती ओळ लिहिता येईना.

दादा मालवाहू जहाजावर आहे. मालकाने ते जहाज परक्या बंदराबाहेर नांगरून हात झटकले. पगार बंद, डिझेल संपत आलेलं, प्यायचं पाणी बंदराला आठवण होईल तेव्हा. जहाजावर झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशात, विमा तिसऱ्या, बंदर चौथ्या. खलाशांना घरी पोचवण्याच्या करारावर या सगळ्या देशांच्या सह्या आहेत. मी प्रत्येकाला मेल केले. झेंड्यावाल्यांनी मालकाला विचारा म्हटलं, मालकाने विमा कंपनीला, कंपनीने बंदराला. बंदर म्हणालं, झेंडा कुणाचा आहे ते बघा. सगळी उत्तरं अतिशय सभ्य होती.

मग दादाचा फोन आला. घाबरला की तो घरची बोली सोडून शाळेतली मराठी बोलतो.

"बाय, ऐक. बंदर आम्हाला सोडतंय. पण जहाज रिकामं ठेवता येत नाही. एकाने राखणीला थांबायचं."

"आणि तो एक तू?"

"बाकीच्यांना बायकापोरं आहेत."

"हे ठरवलं कुणी?"

"कुणीच नाही. ठरवणारं कुणी असतं तर इथे कुजलो असतो का?"

मी तडक पत्रक लिहिलं: एकही खलाशी मागे राहणार असेल, तर कुणीच उतरू नये. शेवटची ओळ तेवढी कोरी राहिली. जहाजावर सगळ्यांना दाखवायला दादाला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याच जहाजावरच्या कुकची बायको चिंचोटीहून आमच्या ओट्यावर हजर.

"ताई, हे छापू नका. बंदरातला एजंट बोललाय, बोंबाबोंब झाली तर कोनीच उतरनार नाय."

"आणि माझा भाऊ?"

"त्याचे पाय धरीन मी. पन माझा नवरा गंजकं पानी फडक्यातून गाळून पितोय."

"ती बरोबर बोलतेय," पप्पा म्हणाले.

"पप्पा, तुम्ही? जन्मभर सांगत आलात, सगळे किंवा कुणीच नाही!"

"तेव्हा पाणी आपल्याच विहिरीत होतं."

मी पत्रक छापलं नाही. माझं तत्त्व चुकलं असं मला आजही वाटत नाही.

बाकीचे उतरले. दादा एकटा राहिला. परवा फोनवर म्हणाला, पाण्याची बोट आता आणखी उशिरा येते, एका माणसासाठी कोण डिझेल जाळणार? पुढे आवाज तुटला. तेव्हापासून फोन बंद आहे.

आज ती बाई नवऱ्याला घेऊन आली. त्याचा शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. तो चपला काढून दारातच उभा राहिला.

"ताई, ते पत्रक कुठाय?"

मी दिलं. तिने शेवटच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे काय लिवायचं?"

"मागणी कुणाकडे ते."

"मग आमचं नाव लिवा. आम्ही उतरलो ना, त्याला मागं ठेवून."

तिचा नवरा उंबरठा ओलांडून आत आला. मग त्यानेच माझ्याकडे पेन मागितलं.