हलक्या कामास लायक

नाना माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी डाव्या दंडाकडे. कळंबच्या कन्याशाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी खोली बघायला त्यांच्या घरी गेले. नवरा जाऊन वर्ष झालेलं, हातात एक ट्रंक आणि बरोबर थोरला भाऊ. घरमालक आता गाव, जात, नवऱ्याचं काय झालं, सगळं विचारणार म्हणून मी मनाची तयारी करून उभी होते. नानांनी एकच विचारलं, "बाई, देवी काढल्यात का?" मी दंडावरचे वण दाखवले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी ते वाकून पाहिले आणि म्हणाले, "चांगल्या उठल्यात. या राहायला."

सरकारी खात्यात देवीच्या रोगाची लस टोचायचं काम होतं त्यांचं. खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी घेत नसे, पंचक्रोशीत ते देवीवाले नाना. नुसतं नाव ऐकून परगावचे लोक त्यांना तुळजापूरचे पुजारी समजत आणि पाया पडायला वाकत. नाना त्यांचाही दंड बघून घेत.

नोकरी निजामाच्या राज्यात लागलेली. पत्र्याची पेटी, स्पिरिटचा दिवा, टोचायची फिरकी, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवलेल्या लसीच्या काचेच्या नळ्या, एवढा संसार घेऊन ते निघत. एसटी जाईल तिथपर्यंत एसटी, पुढं पायी. पोरं कणगीत लपत. नाना त्यांना बाहेर काढत आणि म्हणत, "रडा, पण हलू नका." तेरजवळच्या एका वस्तीवर एका बाईनं दार लावून घेतलं तर हे सकाळपासून दुपार टळेपर्यंत तिच्या उंबऱ्याबाहेर उन्हात बसून राहिले. शेवटी तीच घाबरली. "मरशील की बाबा," म्हणत लेकरू घेऊन बाहेर आली. नाना मला सांगत, "बाई, दार वाजवलं की माणूस आत जातं. बसून राहिलं की भाईर येतं."

असा हा माणूस एका वैशाखात तेरखेड्याच्या बाजूला वस्तीवर टोचत असताना आजारी पडला. छातीवर जातं ठेवल्यागत झालं, असं ते पुढं सांगत. अंगाला दरदरून घाम, ओकारी. चार लेकरं राहिली होती. ती चार टोचून, यादीवर अंगठे घेऊन, मग ते लिंबाखाली आडवे झाले. हे आम्हाला कोतवालानं सांगितलं. बैलगाडीत घालून त्यानंच त्यांना कळंबला आणलं. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि तसंच सोलापूरला पाठवलं. तिथं ते दीड महिना राहिले. हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झालाय, असं तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि तोंडी चार गोष्टी बजावल्या. मीठ नाही. ओझं नाही. जिना नाही. आणि राग तर अजिबात नाही.

पहिले काही महिने आजारी रजा मिळाली. ती संपली. मग प्रकृतीच्या कारणावरून पेन्शन मिळावी म्हणून अर्ज करायचा ठरला. नानांचं सगळं शिक्षण उर्दूतलं. राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, आणि पन्नाशीच्या या माणसाला अर्ज लिहायला भाडेकरीण शोधावी लागली. अर्ज मी लिहिला. चांगल्या अक्षरात, सगळ्या कागदांच्या नकला जोडून. बोलावणं आलं तेव्हा मीच त्यांना म्हणाले, "नाना, दाढी करा, धुतलेला कोट घाला. मोठ्या डॉक्टरांपुढं जायचंय." या वाक्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

जिल्ह्याच्या गावी वैद्यकीय मंडळ बसायचं ते वरच्या मजल्यावर. हृदयाचे रोगी तपासायला वरचा मजला! ही अक्कल कुणाची ते मला कधी कळलं नाही. मी शिपायाला म्हणाले, "यांना जिना मना आहे. साहेबांना सांगा, दोन मिनिटं खाली येतील का."

शिपाई म्हणाला, "साहेब खाली येत न्हाईत."

"मग यांना उद्या खालच्या खोलीत बघतील का?"

"वर न्हाय गेलं की गैरहजर लागतं, बाई."

नाना कठड्याला धरून चढले. दर चार पायऱ्यांवर थांबले. वर पोचल्यावर पाच मिनिटं बाकावर बसले, कोटाची बटणं लावली, आणि आत गेले. टेबलामागं तीन डॉक्टर होते. मधल्यानं विचारलं, "वर कसे आलात?"

"चालत आलो, साहेब."

"कुणी उचलून आणलं नाही?"

"न्हाय, साहेब. कशाला?"

नाना खोटं बोलत नसत. त्यांनी सोलापूरचा कागद पुढं केला, तो कुणी उघडला नाही. आठ दिवसांनी दाखला आला. अर्जदार जिना चढून स्वतः हजर राहिला, सबब हलक्या कामास लायक.

तो दाखला घेऊन आम्ही त्यांच्या खात्याच्या कचेरीत गेलो. हेडक्लार्कनं तो वाचला आणि म्हणाला, "हलकं काम आपल्या खात्यात नाही. टोचणाऱ्यानं हिंडलंच पाहिजे."

"मग पेन्शन द्या," मी म्हणाले.

"पेन्शन कशी देणार? ते कामास लायक आहेत."

"मग पगार द्या."

"काम केल्याशिवाय पगार?"

हे तो चेष्टेनं म्हणत नव्हता. त्याला यात काही विचित्र वाटतच नव्हतं. काम करायला माणूस आजारी आणि पेन्शन घ्यायला माणूस धडधाकट, आणि हे दोन्ही कागद एकाच फायलीत, एकाच दोरीनं बांधलेले. वर त्यानं आणखी एक काढलं. नानांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं लिहिलेलं सेवापुस्तक हैदराबादेहून आलंच नव्हतं. "त्या वर्षांत तुम्ही नोकरीत होतात याला पुरावा काय?"

नानांनी विचारलं, "साहेब, तुमचं गाव कोणतं?"

"तेर. का?"

"वय तीसच्या आतबाहेर असंल. डाव्या हाताची बाही वर करा."

कचेरीतली सगळी माणसं मान वळवून बघायला लागली. हेडक्लार्कनं बाही वर केली नाही, पण त्याचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला. नाना म्हणाले, "दोन वण असतील, शेजारशेजार. तेरात त्या सालांत माझ्याबिगर कुणी टोचाय आलं न्हाय. वण खोटं असलं तर माझी नोकरी खोटी."

कोपऱ्यातला एक कारकून फसकन हसला. हेडक्लार्कचे कान लाल झाले. "हा पुरावा फायलीला लावता येत नाही," तो म्हणाला, आणि दोर बांधून त्यानं फाईल खाली टाकली.

बाहेर पडल्यावर नाना पिंपळाच्या पारावर बसून हळूहळू श्वास घेत होते. म्हणाले, "बाई, मला डॉक्टरनं राग मना केलाय. माझ्या वाटचा तुमी करा."

मी केला. पुढच्या आठवड्यात एकटीच गेले आणि खात्याच्या साहेबांपुढं उभी राहून, शाळेत कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "आपण त्यांच्या कोण?"

"भाडेकरीण."

"अस्सं," ते म्हणाले. त्या एका 'अस्सं'मध्ये एकट्या विधवेबद्दल जे जे म्हणता येतं ते सगळं त्यांनी म्हणून घेतलं. पंधरा दिवसांत मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. सरकारी कचेरीत गैरवर्तन केल्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागवला होता. नानांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "दरखास्त मागं घ्या. तुमची नोकरी जायची." मी पेन्शनचा अर्ज मागं घेतला नाही आणि खुलाशात एक शब्द माफीचा लिहिला नाही. नोकरी राहिली. बढती सहा वर्षं अडली.

घर कसं चाललं होतं ते काकूंनाच माहीत. काकू म्हणजे नानांच्या पत्नी. दोघांना मूलबाळ नव्हतं. काकू लोकांकडं शेवया करायला, पापड लाटायला जात आणि नानांना सांगत की देवळात जाऊन आले. निजामाच्या काळातल्या दोन म्हाताऱ्या नोकरांचे जबाब आम्ही मिळवले तेव्हा सेवापुस्तकाचा प्रश्न मिटला. त्याच अर्जावर मंडळाचं दुसरं बोलावणं आलं. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर भले होते. ते घरी येऊन म्हणाले, "नाना, या खेपेला चालत जाऊ नका. खाटेवर जा."

"म्हंजे सोंग करू?"

काकू चुलीपासून उठून आल्या. "सोंग कशाचं? तुमचं दुखणं खरं हाय. तुमचं चालणं सोंग हाय. हितं उंबरा वलांडताना धाप लागती, आन् तिथं सायबापुढं कोट घालून उभं राहता."

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "न्या खाटेवर."

जिल्ह्याच्या गावी एसटी स्टँडाजवळून आम्ही खाट आणि चार हमाल मिळवले. नाना खाटेवर पडले आणि त्यांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं. जिन्याच्या मध्यावर पुढचा हमाल मागं वळून बघत म्हणाला, "ह्ये देवीवाले नाना न्हवं का? आमच्या घरातल्या समद्यांना टोचलंय ह्यांनी. नाना, वळखलं का?"

नानांना ऐकू गेलं होतं. उपरण्याचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं, ते मला दिसत होतं. लोकांच्या लेकरांसाठी उभा जन्म पायपीट केलेला माणूस आपलं हक्काचं मागायला तोंड झाकून चालला होता. ती वेळ ज्यांनी आणली त्यांची नावं मला ठाऊक आहेत. लिहीत नाही, कारण त्यांना त्यात काही वाटणार नाही.

मंडळानं पाच मिनिटं घेतली. डॉक्टर तेच तिघे. जे विचारायचं ते मला विचारलं, जणू खाटेवर सामान होतं. मधल्यानं सही केली. कायमचा अकार्यक्षम. तेव्हा नाना खाटेवर उठून बसले. ते म्हणाले, "साहेब, एक इचारू? मागल्या बारीला म्या चालत आलो, तवा माझं काळीज चांगलं होतं का?"

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "पुढचा," ते म्हणाले.

जिना नाना चालत उतरले. काकूंनी, मी, हमालांनी विनवण्या केल्या. ते ऐकेनात. हमाल रिकामी खाट घेऊन मागून येत होते. खाली पोचल्यावर नानांनी त्या पुढच्या हमालाचा डावा दंड धरला.

पेन्शनचा हुकूम आला. त्यात शेवटी एक ओळ होती. अर्जदारानं दर वर्षी मंडळापुढं पुन्हा हजर व्हावं. आजार कायमचा, पण तो अजून कायमचा आहे की नाही हे बघायला दर वर्षी जिना! वर्ष सरलं, बोलावणं आलं. मी अर्ज लिहायला कागद घेऊन बसले, तर नाना म्हणाले, "राहू द्या. ह्या खेपेला म्या लिवतो." त्यांनी पोस्टकार्ड मागितलं आणि आयुष्यातलं पहिलं मराठी पत्र, अक्षर अक्षर लावत, अर्ध्या तासात लिहिलं. मी त्यातली एकही चूक दुरुस्त केली नाही.

"मी आजारी आहे. येनार नाही. मी सरकारचा नोकर होतो तेव्हा परतेकाच्या दारात गेलो. आता तुमी माझ्या दारात या. एसटी चालू आहे."

मी घाबरले. म्हणाले, "नाना, पेन्शन बंद होईल."

"व्हऊ द्या."

"काकूंचं काय?"

काकू म्हणाल्या, "बाई, पोस्टात टाका त्ये."

पेन्शन बंद झाली. नाना त्यानंतर चार महिने जगले. त्या पत्राबद्दल त्यांनी एकदाही हळहळ केली नाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी काकूंनी ताटलीत भाकरी वाढली आणि हाक मारली, तर नाना भिंतीला टेकून बसल्या जागी गेलेले होते.

ते गेल्याला दीड महिना झाला असेल. शाळा सुटून मी घरी आले तर दारात सरकारी जीप. ओसरीवर एक तरुण डॉक्टर फाईल मांडीवर घेऊन बसले होते. नव्यानं नेमणूक झालेली असावी, चेहऱ्यावर अजून कोवळीक होती. फायलीत नानांचं पोस्टकार्ड टाचलेलं दिसत होतं. ते वाचून स्वतः निघून आले होते बिचारे. काकूंनी त्यांना पाणी दिलं होतं आणि काय झालं तेही सांगितलं होतं. ते खजील होऊन उठायच्या बेतात होते, पण तपासणीचा छापील कागद भरल्याशिवाय फाईल बंद होणार नव्हती. चाचरत ते मला म्हणाले, "बाई, इथं एक रकाना आहे. 'सध्याची प्रकृती'. काय लिहू?"

काकूंनी दाराच्या चौकटीला हात टेकला आणि म्हणाल्या, "लिवा साहेब. आता हलक्या कामासबी लायक न्हाईत."