मालूला दिलेली दाद

ये, अशी जवळ बस बघू. दारातूनच कोरा कागद हातात कोंबायचा आणि पळायचं, ही काय पद्धत झाली, नंदे? "वच्छामावशी, आईवर चार ओळी लिहून ठेवा, तुमच्या मैत्रीबद्दल, स्मरणिकेत छापायच्यात" — एवढं बोलून जिना उतरलीससुद्धा! चहा नाही, पाणी नाही. तुझी आई असती तर दारातच कान धरला असता तुझा. आता तू समोर नाहीस, तर या कागदालाच नंदा समजून बोलते. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन तू बघ. मजकुराला मात्र हात लावायचा नाही. एका शब्दालासुद्धा नाही.

कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. देवापुढे मी गाते, बोलत नाही, म्हणून त्यालाही नाही.

आमच्या नाटकांचं तुला ठाऊक आहे, पण स्मरणिका वाचणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट ही. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड — जिथे म्हणून मांडव पडायचा तिथे आमची मंडळी संगीत नाटक घेऊन जायची. मालती, म्हणजे तुझी आई, नायिका आणि मी नायक. हो, नायकच! धोतर, अंगरखा, खांद्यावर शेला, डिंकाने चिकटवलेली मिशी. उंची होती, आवाज भरदार होता, पुरुष शोभायचे मी. एकदा बोरिवलीला एक म्हातारे गृहस्थ माझ्यासाठी स्थळ घेऊन आले होते. त्यांना मिशी काढून दाखवावी लागली! मालू हसून हसून ट्रंकेवर पडली होती.

लोक म्हणायचे, अशा दोन गाणाऱ्या आणि एकमेकींवर इतकी माया? गाणाऱ्या बायका म्हणजे एकमेकींचा दुस्वास करणाऱ्या, असंच त्यांच्या डोक्यात. आम्ही मात्र एकीला वन्समोर मिळाला की दुसरी विंगेत टाळ्या वाजवणार. आणि त्या टाळ्या खऱ्या होत्या, नंदे. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तू म्हणशील की सगळं नाटकच होतं. नव्हतं. तुझ्या आईसारखा गळा मी त्याआधी ऐकला नाही आणि नंतरही नाही.

तिला शिकवायला बुवा यायचे. मला कोण शिकवणार? अंधेरीच्या चाळीत तिची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एक भिंत. तिचा रियाज सुरू झाला की मी पोळपाट सोडून भिंतीला कान लावायची. एक दिवस ती दारात उभी. म्हणाली, "भिंतीला गाणं येतं का गं? आत ये." माझी सासू मालवणची, तिने आतूनच फटकारलं, "गाण्यान पोट भरतला काय?" मालू म्हणाली, "तुमचं भरलंय ना आजी? मग सोडा तिला तासभर!" — झालं. तिथून मी गायला लागले. जे काही आलं ते तिच्या दारातून आत गेल्यामुळे आलं. विसरले नाही मी ते. विसरले असते तर बरं झालं असतं का? कोण जाणे.

आता आमची रीत सांगते. ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नाटकात पुढे ऑर्गन, तबला, आणि समोर हजारभर माणसं. त्या गदारोळात गाणारीला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. सूर केसभर उतरला तर सगळ्या मांडवाला कळतं, फक्त तिला कळत नाही. म्हणून आम्ही ठरवलं होतं — एक गात असली की दुसरीने उजव्या विंगेत, तिला दिसेल असं उभं राहायचं. सूर उतरला की खांद्यावर पदर ओढून घ्यायचा. मी पुरुषवेषात असले की पदराऐवजी शेला. म्हणजे, वर चढ. आणि सगळं जागेवर असेल तर मान डोलवायची. बस, एवढंच. मालू म्हणायची, "वाहवा करायला मांडवभर माणसं आहेत, वच्छे. तू माझा कान आहेस. तू खोटी मान डोलवायची नाहीस."

अंधेरीत तर या रिवाजाची फारच गरज. का? तर विमानं. सांताक्रूझला उतरायला निघालेलं विमान ऐन आलापात डोक्यावरून घरघरत जायचं. तोवर ऑर्गन ऐकू येत नाही, तबला ऐकू येत नाही, नुसत्या अंदाजाने सूर धरून ठेवायचा. विमान गेलं की आधी विंगेत बघायचं. तिथे पदर हलतोय की मान?

बघ, अजून मी त्या दुपारपाशी पोचलेच नाही. आजूबाजूलाच फिरतेय. बोरीच्या काट्यांत हात न घालता खाली पडलेली बोरं वेचावीत तशी. पुरे झालं.

रविवार होता, अंधेरीतच दुपारचा प्रयोग. गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीचे गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना बाईचा एक नवा आवाज हवा होता — एकच. हे आम्हा दोघींना माहीत होतं. रंगपटात मालूने माझ्या मिशीला डिंक लावला आणि म्हणाली, "तुझं झालं तर मी पेढे वाटीन, माझं झालं तर तू वाट." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वच्छे, सर्दीने माझा डावा कान पार बंद झालाय गं. ऑर्गन विहिरीतून वाजल्यासारखा वाटतोय. आज तू नीट उभी राहा हां. आज सगळं तुझ्यावर."

सगळं तुझ्यावर. हे तिचे शब्द आहेत. मी रचलेले नाहीत.

तिचं भीमपलासातलं पद सुरू झालं. काय लागला होता गळा! सर्दी असून. मांडव गप्प. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी पान तोंडात नेता नेता हात थांबवला — मी पाहिलं ते. अंतरा सुरू झाला आणि विमान आलं. तिने सूर धरून ठेवला, डोळे मिटून. विमान गेलं आणि सूर खाली आला होता. थोडाच. पण होता.

ऑर्गनवाले काका षड्ज दाबून धरत होते, पण ते तिच्या डाव्या अंगाला. तो कान बंद. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

शेला माझ्या हातात होता. टोक मुठीत होतं, नंदे. नुसतं खांद्यावर टाकायचं होतं. त्याला कितीसा वेळ लागतो?

मी मान डोलावली.

नुसती गप्प उभी राहिले असते तर आज म्हणता आलं असतं — गोंधळले, लक्ष नव्हतं, मिशी सुटत होती. तसं काही झालं नाही. मी हसले आणि मान डोलावली, वा म्हणून. आणि माझी मान डोललेली बघून ती खुलली. आलाप वाढवला तिने. त्याच उतरलेल्या सुरात, फुलवत, सजवत, माझ्यावर विश्वास टाकून. मागच्या रांगेत कुणी तरी हसलं. कुणी खोकलं. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी पान तोंडात टाकलं आणि शेजारच्याशी बोलायला लागले.

त्या पदाला वन्समोर आला नाही. कधी नव्हे ते.

मग माझा प्रवेश. आणि आता ऐक, हे मला सगळ्यात जड जातंय. मी गायला लागले तेव्हा ती विंगेत उभी होती. तोंड वळवून, उजवा कान माझ्याकडे करून, पदर मुठीत धरून. स्वतःचं पद पडलंय हे टाळ्यांवरून तिला कळलं होतं, तरी उभी होती. मध्येच माझा गंधार घसरला. एका कानाने ऐकणाऱ्या त्या बाईने तो पकडला आणि झटकन पदर खांद्यावर ओढला. मी सावरले. त्याच जागेवर टाळ्या पडल्या. तीनदा गायला लावलं मला.

तबकडी माझी निघाली. ती तबकडी चोरीची आहे असं मी म्हणणार नाही — गळा माझा होता, गायले मी. पण तो गंधार? तो कुणाचा?

रंगपटात मुकुट उतरवताना तिने विचारलं, "उतरले होते का गं मी?" मी म्हटलं, "छे! जागच्या जागी होतीस. लोकांनाच कळत नाही." ती हसली. म्हणाली, "मग ठीक आहे. तू म्हणतेस ना, मग ठीक."

ठीक नव्हतं. कसं असेल? मी खरं बोलले असते तर ती डॉक्टरकडे गेली असती, कान धुऊन आली असती, पुढच्या रविवारी पुन्हा मांडव हलवला असता तिने. पण मी तिला सांगितलं की तू सुरात होतीस. म्हणजे तिने काय समजायचं? हेच, की सुरात असलेलं तिचं गाणंच लोकांना नको झालंय. त्यानंतर ती दबून गायला लागली. विंगेत मी रोज नीट पदर ओढत होते, शेला ओढत होते, अगदी प्रामाणिकपणे! त्याचा काय उपयोग? वर्षभरात तिने नाटक सोडलं. तुम्हाला सगळ्यांना सांगितलं की संसार वाढला म्हणून. संसार नव्हता गं वाढला. तू तर अजून झालीही नव्हतीस.

आणि माझी तबकडी? ती तिने विकत आणली. फोनो नव्हता तर शेजारच्यांकडे जाऊन वाजवायची. "ऐका, हा गंधार ऐका माझ्या वच्छीचा." मी समोर बसलेली असायची. चहा प्यायची.

मत्सर म्हणशील? म्हण. मी दुसरं नाव शोधत नाही. माझी गरिबी, सासूची बोलणी, ती भिंत — सगळी कारणं माझ्याकडे आहेत, चांगली आहेत, लोकांचे डोळे भरून येतील अशी आहेत. पण ती मी इथे काढणार नाही. लहान गाणारीचा कुणी एवढा मत्सर करतं का? गाण्यात ती माझ्याहून मोठी होती, हे मला सगळ्यात आधी कळलं होतं आणि म्हणूनच मान डोलली. अशी होती आमची मैत्री. तुमच्या स्मरणिकेत वर "आदर्श मैत्री" असं छापणार आहात म्हणे. छापा! त्याच्याखाली हे छापा. कमिटीतली मंडळी नको म्हणतील. म्हणोत. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतील, तेही म्हणोत. डोकं जागेवर आहे आणि कानही जागेवर आहेत — अजून.

माफी मागत नाही मी. जिच्याकडे मागायची तिच्या उशाशी शेवटच्या आजारात मी रोज बसत होते, तेव्हा तोंड उघडलं नाही. आता तुझ्याकडे कुठल्या तोंडाने मागू? रागाव, बोलू नकोस, तुझा हक्क आहे. मी रडणार नाही.

तू गातेस असं ऐकलंय. आईसारखी डोळे मिटून गातेस म्हणे. तर कागद न्यायला येशील तेव्हा दारातून पळू नकोस, जरा बस. लवकर ये, या आठवड्यातच ये. चहा टाकीन. वाटलं तर गा, नाही वाटलं तर नको गाऊस. गायलीस आणि उतरलीस, तर मी पदर ओढणार. तुला आवडो न आवडो.