वीस इंची फ्रेम

सेलूच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोर लिंबाखाली उमाजीचं सायकलचं दुकान होतं, आणि तिथं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकावर उमाजी मनातून चिडलेला असे. कारण ज्याला त्याला मोठी सायकल पाहिजे. माणूस टीचभर, पण मागणार चोवीस इंची. का, तर गावच्या मालकाची चोवीस इंची आहे. मग ही मंडळी दांडीवरून पाय टाकताना धोतर फाडून घेणार, पायडलला नुसती बोटं टेकवणार, उतरायचं म्हणजे कुणाचा तरी ओटा शोधत फिरणार, आणि वर चारचौघांत मिरवणार. उमाजी एकदा सांगून बघे, "मालक, बावीस इंची बी तुमाला जास्तच हुईल." समोरच्याचं तोंड वाकडं झालं की तो गुमान चोवीस इंची फ्रेम खाली उतरवी. पोटासाठी करायचं ते करायचं, पण दिवसभर त्याच्या तोंडाची चव गेलेली असे.

जन्म मेंढपाळाच्या घरातला. बापामागं मेंढरं वळत तो सेलूपर्यंत आला आणि इथल्या एका उस्तादाच्या दुकानात चाक फिरताना बघून जो उभा राहिला तो राहिलाच. उस्ताद शिव्या भरपूर द्यायचा, पण हुनर शिकवताना हात आखडता घेत नव्हता. "पैले टांगां देख, चेहरा बाद में देख," हे त्यानं पोराच्या कानीकपाळी ओरडून बसवलं. मग पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि एका सकाळी उस्ताद बायकापोरांना घेऊन रेल्वेत बसला. जाताना पाने, पकडी, पंप त्यानं उमाजीच्या पुढ्यात ठेवले. दुकान उमाजीचं झालं. लोक म्हणाले, नशीब काढलंस. उमाजीला मात्र पुढं कितीतरी दिवस उस्तादाच्या स्टुलावर बसवत नव्हतं.

त्याची बायको भागुबाई दुसऱ्या बाळंतपणात गेली. आडवं आलेलं मूल, दिवस आषाढाचे, आणि सुईण पलीकडच्या गावची. काळ्या रानातल्या चिखलात तिची पायताणं रुतली, पाय रुतले, आणि ती येऊन पोचली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मागं राहिली थोरली सुगंधा. आईविना पोर दुकानातच वाढली, दांडीखालून पाय घालून कैची मारत सायकल शिकली आणि मोठी झाल्यावर परभणीच्या सरकारी दवाखान्यात सुईणीचं शिक्षण घेऊन आली. सरकारनं नवंच काढलं होतं ते. शिकलेल्या बाईला चार गावं नेमून देणार, पगार देणार, पण त्या गावांना वेळेला पोचायची सोय तिची तिनं बघायची. सुगंधाला पेडगावाकडची गावं मिळणार होती. उमाजीला त्या दिवशी भागुबाईची फार आठवण झाली.

त्याच सुमाराला पेडगावाजवळच्या वस्तीवरून सोयरीक आली. मुलगा अंगद, घरची मेंढरं, थोडी जमीन. पोरगा शांत होता आणि ताडासारखा उंच होता. मुलाचा बाप आश्रुबा सुपारी फोडताना म्हणाला, "नोकरी करंल तर करू द्या की. सरकारचा पगार घरातच येणार हाय. आमचं एकच म्हणणं हाय इवाई, नवरदेवाला सायकल पायजे. तुमचा तर कारखानाच हाय."

बैठक हसली. उमाजीही हसला. पण टांगलेल्या फ्रेमा सोडल्या तर त्याच्याजवळ सामान होतं एकाच सायकलीचं. वर्षानुवर्षं एकेक सुटा भाग निवडून, पुसून, तेल लावून त्यानं ते बाजूला ठेवलेलं. दुसरी सायकल उभी करायची ऐपत नव्हती. म्हणजे सायकल एक, आणि तिला पाय दोन माणसांचे. उमाजीनं रात्रभर कूस बदलली आणि सकाळी ठरवून टाकलं की सायकल सुगंधाच्या मापाची करायची. जावयाला द्यायची, पण चालवायची तिनं.

बापानं लेकीच्या पायाचं माप कसं घ्यायचं? त्यानं मेंढरामागची जुनी काठी तिच्या हातात दिली. "आत जा, अनवाणी उभी राहा अन् पायाच्या बेचक्यापर्यंत खूण करून आण." सुगंधानं विळ्यानं खाच पाडून काठी बाहेर आणून दिली. उमाजीनं ती फ्रेमांना लावून बघितली. बावीस इंचीत सीट अगदी खाली बसवली तरी टाच टेकत नव्हती. वीस इंची बरोबर बसली. लेडीज सायकलचा विचार त्यानं केला आणि सोडून दिला. तिला दोन वाकड्या नळ्या, वजन जास्त, आणि पावसाळ्यात खांद्यावर घ्यायची तर धरायला काही नाही. सुगंधा कासोटा घालून नेसायची, तिला दांडीची अडचण नव्हती. उलट आडवी दांडीच तिच्या खांद्यावर बसणार होती.

खांद्यावर घेणं हेच खरं होतं. त्या काळ्या रानात पावसाळ्यात चाक शेतभरसुद्धा चालत नाही. मडगार्डात चिखल गच्च बसतो, चाक आहे तिथं थांबतं आणि मग माणसानं सायकलीवर बसायचं सोडून सायकल माणसावर बसते. म्हणून उमाजीनं पहिल्यांदा दोन्ही मडगार्डं काढली. मग स्टँड गेलं, चेनकव्हर गेलं, कॅरेज गेली, दिवा आणि घंटी गेली. ब्रेकच्या लोखंडी सळया काढून तार घातली. स्प्रिंगांची बोजड सीट काढून उस्तादाच्या वेळची पातळ चामड्याची चढवली. किती वजन कमी करायचं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. लंगडं झालेलं कोकरू खांद्यावर टाकून ओढा ओलांडता येतो, तेवढंच वजन बाईमाणसाला वाटेत पेलतं. रोज सायकल जिनिंगच्या काट्यावर न्यायची आणि तोलणाऱ्या चंद्रभानाला छळायचं, हा त्याचा उद्योग झाला.

शेवटी अडलं ते सीटच्या नळीपाशी. सीट वरखाली करण्यासाठी ती नळी लांब ठेवतात. सुगंधाला लागणार होती बोटभर, बाकीचं लोखंड फ्रेमच्या पोटात फुकट बसलेलं. उमाजीनं करवत घेतली.

चंद्रभान जवळच उभा होता. "उमाजी, ती कापू नको. जावई लय लंबा हाय. कवा त्याला बसायचं झालं तर?"

"त्याला कशाला बसायचंय? मेंढरामागं सायकलवर जायलाय का तो?"

"तरी बी."

"वजन हाय ते," उमाजी म्हणाला आणि कापली. वजन होतंच. पण चंद्रभानाला न सांगितलेलं आणखी एक होतं. ती सीट दुसऱ्या कुणाला वर करता येऊ नये असं त्याला वाटत होतं. नळी जमिनीवर पडली तेव्हा त्याला मनापासून बरं वाटलं.

सुगंधा सायकल खांद्यावर टाकून रेल्वेच्या रुळापर्यंत गेली आणि बसून परत आली. "बा, निस्तं कोकरू हाय," ती म्हणाली. उमाजीनं आयुष्यात बांधलेल्या सायकलींत तेवढी एकच त्याला पसंत पडली होती.

लग्न मुलाकडं होतं. उमाजी पाहुण्यांना घेऊन सकाळीच वस्तीवर पोचला. सायकलीला हळदकुंकू लागलं, हार पडला. आणि दुपारी नवरदेव परण्याला निघायची वेळ झाली, म्हणजे मारुतीच्या पाया पडायला वाजतगाजत जायची, तेव्हा उमाजी इकडंतिकडं बघायला लागला. घोडा कुठंच दिसत नव्हता.

"घोडा कशाला?" आश्रुबा मोठ्यानं म्हणाला. "इवायानं सायकल दिलीय. आमच्याकडं आता सायकलवरच जातेत."

चिखलाचा विचार केला, खांद्याचा केला, टाचेचा केला, ब्रेकच्या तारेचा केला, आणि या एका गोष्टीचा केला नाही. स्वतःच्या लग्नात उमाजी मारुतीला पायी गेला होता, घरात मुलगा नव्हता, आणि सेलूत राहून वस्तीवरच्या नव्या चालीरीती त्याला कुणी सांगितल्या नव्हत्या. तो पुढं झाला, काहीतरी बोलायला लागला, पण डफडं वाजायला लागलं होतं.

अंगद सायकलीवर बसला. गुडघे हँडलच्या वर आले. वळण घेताना हँडल गुडघ्यावर आपटलं, मुंडावळ्या दांडीत अडकल्या, बाशिंग कलंडलं. कुणीतरी पाना घेऊन धावलं, त्याला उठवून नट सैल केला, सीट वर ओढायला बघितली आणि सीट नळीसकट हातात आली. आधी पोरं हसली, मग बाया हसल्या. गर्दीतून एक जण ओरडला, "कातरलेलं मेंढरू दिलंय रं!" आणि मग हसणं थांबेना. अंगद उतरला.  सायकल तिथंच भिंतीला लावून तो मारुतीपर्यंत चालत गेला. उमाजीला त्या पोराची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

लग्न लागलं. तेवढ्यावर निभावलं असतंही. उमाजीची नजर चुकली, सामान कमी पडलं, असं काहीही म्हणून झाकता आलं असतं. पण चार दिवसांनी शेजारच्या गावातून बाळंतिणीसाठी बोलावणं आलं. सुगंधा उठली, सायकल काढली आणि बसली. सगळी वस्ती बघत होती. तिचा पाय पायडलवर बरोबर पडला, पाठ सरळ राहिली, हात हँडलवर सैल पडले आणि ती भरकन निघून गेली. आता कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही. बाळंतीण मोकळी करून, ओटीतल्या खोबऱ्यासकट सुगंधा हसत घरी आली तेव्हा सासू कडूबाई दारात उभी होती. "जावयाच्या नावानं लेकीला सायकल दिली व्हय तुज्या बानं?"

दुसऱ्या दिवशी आश्रुबा बैलगाडीत सायकल आणि सुगंधा दोन्ही घालून सेलूला आला.

"आमच्या पोराला साऱ्या गावात हसवलं तुमी. मोठी द्या, समद्या सामानासकट. तवर पोरगी राहू द्या तुमच्याकडं," असं म्हणून त्यानं पाण्याला तोंडही न लावता गाडी वळवली.

सुगंधा आतल्या खाटेवर बसली होती. ती म्हणाली, "बा, मी हितं राहून बी गावं करू शकते. रेल्वेनं जाईन पेडगावापस्तोर. सायकल गाडीत टाकीन."

उमाजीला हे आधीच सुचलं होतं. ते जमण्यासारखं होतं. पगार आला असता, अडलेल्या बायका सुटल्या असत्या, पोरगी डोळ्यांसमोर राहिली असती. पण हळद उतरायच्या आत परत आलेली पोर, असं जिनिंगच्या फाटकावर येणारा जाणारा म्हणाला असता. जो माणूस गिऱ्हाइकांच्या मोठेपणावर उभा जन्म चिडत आला, तो चार लोकांच्या तोंडाला भ्याला.

"मोठीच करून दिऊ," तो म्हणाला. "ही पुना जमवता यील."

सामान एकाच सायकलीचं होतं. म्हणून त्यानं चोवीस इंची फ्रेम खाली उतरवली आणि वीस इंचीची चाकं सोडवायला घेतली. सुगंधा बाहेर आली आणि चाक धरून बसली. बाप पाना फिरवत होता, लेक एकेक भाग हातात देत होती. चेन, पायडल, ब्रेकची तार. मग काढलेली मडगार्डं चढली, चेनकव्हर चढलं, कॅरेज चढली, घंटी चढली, स्टँड चढलं. रिकामी फ्रेम उमाजीनं भिंतीच्या खिळ्याला अडकवली. दवाखान्यातला माणूस गावं नेमून दिल्याचा निरोप घेऊन आला तेव्हा सुगंधा सासरी गेली होती, आणि सायकलीवाचून गावं करायचं राहिलं होतं. तिच्या जागी कोण नेमली गेली, की कुणीच नाही, हे उमाजीनं विचारलंही नाही.

दोन पावसाळे गेले. एका बाजाराच्या दिवशी अंगद दुकानासमोर सायकलीवरून उतरला. मागून चालत सुगंधा आली, कडेवर पोर.

"मामा, माणूस बसंल अशी कॅरेज बसवून द्या," अंगद म्हणाला. "हिला लय चालायला लागतंय." पोरगा वाईट नव्हताच कधी.

उमाजीनं होती त्यातली भक्कम कॅरेज बसवली. सुगंधा भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमकडं बघत उभी होती.

"ही इकली न्हाई व्हय, बा?"

"कुणी घेत न्हाई. समद्यास्नी मोठी पायजे."

तिनं मान हलवली. अंगदनं तिला मागं बसवून जिनिंगच्या फाटकापर्यंत एक चक्कर मारली आणि धापा टाकत परत आला. सासऱ्याचा मान राखून, अगदी सरळ मनानं त्यानं विचारलं, "लय जड जायलीय मामा. तुमी लगीनातल्या सायकलीचं वजन कमी केलतं म्हणं. हिचं बी काई काढता यील का?"

उमाजी पाना घेऊन खाली बसला. मडगार्डं काढावीत, तर आश्रुबा पुन्हा गाडी जुंपून येणार. घंटी काढावी, तर काय हलकं होणार. तो या नटाला पाना लावी, काढी, त्या नटाला लावी. त्याच्या हातून काही सुटेना.

सुगंधा कॅरेजवरून खाली उतरली. पोर तिनं या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"ऱ्हाऊ द्या, बा," ती म्हणाली. "काडायचं ते काडलं. मी चालते."

अंगद सायकलीवर बसला आणि तिच्या चालीनं हळूहळू स्टेशनच्या वाटेला लागला. कॅरेज रिकामीच होती.