महामहम् तळं आणि वन्संचं तमिळ

प्रिय अनया आणि निहार,

कुंभकोणम स्टेशन आलं तेव्हा मी एका हाताने बॅगेची साखळी सोडत होते आणि खिडकीतून सेल्वमला शोधत होते. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी मनात त्याचा चेहरा तयार होता: बारीक मिशी आणि खाली घातलेली नजर.

तुमच्या आजोबांची थोरली बहीण, रुक्मावन्सं, इथे एकट्याच राहतात. गेलं वर्षभर मी फोन केला की तो उचलायचा त्यांचा भाडेकरू सेल्वम. पुढच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन आहे. "पाट्टी (आजी) झोपल्यात." "पाट्टी कुळत्तावर (तळ्यावर) गेल्यात." वन्सं स्वतः एकदाही बोलल्या नाहीत. एकटी म्हातारी, स्वतःचं घर आणि गोड बोलणारा भाडेकरू, ही गोष्ट कुठे जाऊन थांबते ते मी पुष्कळदा ऐकलं आहे. वन्सं धडधाकट आहेत का, आणि घर अजून त्यांचंच आहे का, हे डोळ्यांनी बघायला मी पुण्याहून निघाले होते.

"वांगो मामी (या मामी)!" मिशी नव्हतीच. जाडा, हसरा माणूस. त्याने माझ्या हातातून बॅग घेतली, मी ती परत घेतली.

चेन्नईत दहा वर्षं काढल्यामुळे माझं तमिळ बरं आहे. रिक्षा निघाल्यावर मी म्हटलं, "घरी चला."

"आधी तळ्यावर, मामी. पाट्टींनीच सांगितलंय."

"मला आधी घरी जायचंय."

"घर कुठे पळतंय?" तो हसला. मला ते हसू आवडलं नाही.

महामहम् तळं मात्र बघण्यासारखं आहे. चारी बाजूंनी खाली उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, काठावर लहान लहान शिखरांचे सोळा मंडप, आणि मधोमध हिरवट, जड पाणी. त्या पाण्याच्या पोटात वीस विहिरी आहेत, प्रत्येकीला वेगळं नाव. बारा वर्षांनी एकदा इथे मोठं स्नान होतं, तेव्हा गंगेपासून कावेरीपर्यंत सगळ्या नद्या जमिनीखालून या विहिरींत येतात म्हणे. पायरीवरचे एक गुरुजी मला हे सांगत होते.

"झरा कुठे दिसतो?" मी विचारलं.

"दिसत नाही, अम्मा. येतो."

"कशावरून?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात वन्सं दिसल्या. मंडपाच्या सावलीत बसून माशांना चुरमुरे टाकत होत्या. नऊवारी स्वच्छ, कुंकू ठसठशीत, तब्येत चांगली. मला बघताच हात पसरून म्हणाल्या, "वयनी, वा वा! प्रवास कसा झाला? वाळलीस की गं!"

पण तमिळमध्ये.

मी पायरीवरच थांबले. आमच्या सासरचा नियम तुम्हाला ठाऊक नाही. तुमचे पणजोबा, म्हणजे अप्पा, सांगत, तीनशे वर्षांपूर्वी आपण इथे आलो ते मराठी घेऊन, ती घरात राहील. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. आत चुकून कुणी तमिळ बोललं, तर त्याला सर्वांत शेवटी वाढत. वन्सं त्यांचीच लेक. माझ्याशी तर त्या बाजारातसुद्धा मराठीच बोलायच्या, त्यांच्या त्या जुन्या वळणाच्या, "जाहलें कीं"वाल्या मराठीत.

मला वाटलं, उलगडा झाला. सेल्वमला प्रत्येक शब्द कळावा म्हणून त्याने ही अट घातली असणार. तो आमच्या मागेच उभा होता. मी वन्संच्या शेजारी बसले, पाण्याकडे बघत हळूच मराठीत म्हटलं, "वन्सं, घर तुमच्याच नावावर आहे ना? हा त्रास देतो का? नुसती मान हलवा."

मान हलली नाही. त्यांनी आणखी चुरमुरे टाकले.

एवढ्यात आमच्या मागे फुलवालीची पितळी परात दगडावर आदळली. पारवे भर्रकन उडाले, मी दचकून उठले, सेल्वमने वळून पाहिलं. वन्सं मासे बघत होत्या.

मी त्यांच्या समोर, खालच्या पायरीवर जाऊन बसले आणि तमिळमध्ये विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग सेल्वमकडे. "सांगितलंस?"

"देवाशप्पथ नाही, पाट्टी!"

"दीड वर्ष जाहलें," हे मात्र मराठीत आलं. मग पुन्हा तमिळ. "कानात ते यंत्र घातलं, तर नुसत्या माशा घोंघावतात. फुलवाली, दूधवाला, हा शिंपी, सगळ्यांचे ओठ मला वाचता येतात. तुझे वाचता येत नाहीत. भाऊ गेल्यापासून या घरात मराठी ओठ आलेच नाहीत, वयनी. सराव कुठून होणार?"

"मग घरी तमिळ बोलू."

"अप्पांच्या घरात?" त्या माझ्यावर खेकसल्या. "म्हणून तर तुला इथे बोलावलं. इथे तमिळ बोललं तर कुणाचं काही मोडत नाही."

सेल्वमने पितळी डबा उघडला. इडली, आणि कडप्पा (बटाटा व मूगडाळीचा पातळ रस्सा). "खा, मामी. विष नाहीये," तो म्हणाला. माझं मराठी त्याला कळत नव्हतं. चेहरा कळत होता. मी दोनदा वाढून घेतलं.

घराला तिण्णै (रस्त्यालगतचा ओटा) आहे. ती आत की बाहेर, याचा निवाडा पणजोबांनी कधी केला नव्हता. आम्ही तिथेच शाळा मांडली. एक वाक्य मी आधी तमिळमध्ये म्हणायचे, मग तेच मराठीत, सावकाश, उजेडाकडे तोंड करून. "जेवलात का?" "पाय दुखतो का?" वन्सं चुकल्या की चिडायच्या: "तू पुण्याची, ओठ झाकून बोलतेस!" मशीनवरून सेल्वम ओरडायचा, "जेवलाट्का?"

दारासुरमचं देऊळ, स्वामीमलैच्या मूर्ती, सगळं बघायचं राहून गेलं.

निघायच्या सकाळी मी उंबरठा ओलांडून आत गेले, स्वयंपाकघरात त्यांच्या समोर उभी राहिले आणि तमिळचा टेकू न घेता विचारलं, "वन्सं, त्या विहिरींत खरंच झरा आहे का?"

त्या बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग ठामपणे म्हणाल्या, "होय, डबा बांधिला आहे. गाडींत खा. चटणी आधी संपव, आंबेल."

मी चूक दुरुस्त केली नाही. डबा घेतला.

आता तुमचं काम. रविवारी मी वन्संना व्हिडिओ कॉलवर घेणार आहे, फोन सेल्वम धरेल. ओरडू नका, उपयोग नाही. खिडकीकडे तोंड करून बसा, तोंडात काही चघळू नका, आणि एकेकाने एकच वाक्य सावकाश म्हणा. मराठीत. त्या घराच्या आत असतील.

तुमची,
आजी