वर न गेलेला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मेव्हण्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या पाहुण्यारावळ्यांतले नाही.

आधी नोंद, मग गोष्ट — माझी सवयच तशी. साल १९८३, दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. रक्कम एकशे दहा रुपये, एका जोडीची. हजर तिघं: मी, माझी बायको सुलोचना आणि तिचा धाकटा भाऊ बाळू. ठिकाण निपाणी, एका शिंप्याच्या दुकानापुढचा कट्टा. त्या कट्ट्याच्या कोपऱ्यात पोतं अंथरून बाळू रेडिओ दुरुस्त करायचा.

जोडी कसली? सांगतो. आम्ही बेळगावात, खासबागेत राहतो. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दर रविवारी मोटरसायकलवरून आमची निपाणीला फेरी असे. त्या वर्षी ऑफिसातले एक गृहस्थ गाडीवरून पडले, डोक्याला टाके पडले, आणि मी दुसऱ्याच दिवशी दोन हेल्मेटं आणली. एक माझं, एक हिचं. तेव्हा आमच्या रस्त्यावर हेल्मेटवाले म्हणजे एक मिलिटरीतले, नाहीतर आम्ही दोघं. हिला तर त्यापायी अंबाडा सोडून वेणी घालावी लागली. वाटेतल्या हत्तरगीचा चहावाला आम्हाला बघून कानडीत "बर्री, कूड्री" — या, बसा — म्हणत बाकडं पुसायचा आणि वर विचारायचा, "काय वो अण्णा, आज चंद्रावर व्हय?"

हेल्मेट चांगलंच, पण मागच्याचं पुढच्याला ऐकू येत नाही. ही काही सांगू लागली की मला नुसती भुणभुण. मग ती मागून माझ्या हेल्मेटावर बुक्की मारायची. एक बुक्की म्हणजे सावकाश, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे पदर चाकाकडे चाललाय. पण घाईला आलेली बाई मोजून मारते का?

बाळूनं यावर उपाय काढला. जुन्या टेलिफोनातला बोलायचा भाग हिच्या हेल्मेटात तोंडापुढं, ऐकायचा भाग माझ्या हेल्मेटात कानाशी, मध्ये वायर, आणि माझ्या कमरेला साबणाच्या डबीत दोन सेल. हीच ती एकशे दहाची जोडी. ती बोलणार, मी ऐकणार. उलट नाही. "लग्नात असतंय तसंच की दाजी," बाळू म्हणाला.

एवढ्यावर भागलं असतं तर हा विषय हसण्यावारी गेला असता. पण निपाणीतली बारा पोरं सहा मोटरसायकलींवरून गोव्याला निघायची होती, आणि त्यांनाही असलंच काही हवं होतं. त्यांच्यापुढं दोन पर्याय: बाळूचा वायरवाला संच, नाहीतर एक साधी रबरी नळी, दोन्ही टोकांना नरसाळी लावलेली. निवड त्यांनी माझ्यावर सोपवली. का? — एक तर दोन हेल्मेटं माझ्याकडेच होती. आणि दुसरं म्हणजे, बाळूच्याच एका बिलातली बेरजेची चूक मी कट्ट्यावर चारचौघांत काढून दाखवली होती. हा माणूस सख्ख्या मेव्हण्यालाही सोडत नाही, तर खोटं कशाला बोलेल? असा त्यांचा हिशेब. चोख हिशेब — माझ्याबद्दलचा.

सहा जोड्यांची ऑर्डर मिळाली असती तर बाळू बाजारपेठेतला एक गाळा घेणार होता. मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. पाटी कुठल्या रंगाची करायची इथवर त्याचं ठरलं होतं. हिरवी.

आता पहिली चाचणी. निपाणीहून संकेश्वरापर्यंत जायचं, परत यायचं, आणि कट्ट्यावर निकाल सांगायचा. तवंदीच्या घाटापाशी कानात हिचा आवाज आला — इतका स्पष्ट की मी दचकलोच. "अवो, ऐकू येतंय का? येत असंल तर हात वर करा." मी हात करणारच होतो, खरंच. पण समोर तंबाखूची बैलगाडी, त्यात उतार, हात सोडायचा कसा? मी बैलगाडीच्या बाजूनं मोटरसायकल काढली, आणि तेवढ्यात हिनं ठरवूनही टाकलं. "गेलं! बाळ्याचं एक तरी काम धड होईल तर शपथ."

आणि मग ती बोलू लागली. मला नव्हे — स्वतःशी. माझ्याबद्दल! मी भाजीवालीशी घासाघीस कशी करतो, त्याची नक्कल केली. मी झोपेत आकडे बोलतो म्हणे. — हे मला पहिल्यांदाच कळलं. मला राग यायला हवा होता ना? पण हेल्मेटात मी हसत होतो, आणि मागं तिला ते दिसत नव्हतं.

मग ती गाऊ लागली.

हिशेबी माझा राया, पैसा पैसा मोजतो
तवंदीच्या घाटामंदी वारा फुकट घेतो

तिथल्या तिथं जोडत होती. रस्त्यात जे दिसेल ते — मैलाचा दगड, ऊस, बसमधून ओकणारा कुणी पोरगा — सगळं ओवीत. चौदा वर्षांच्या संसारात मी तिला असं गाताना ऐकलं नव्हतं. नव्हतं? — खोटं लिहायला नको. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ऐकलं होतं. ती भांडी घासत गात होती, मी घरखर्च मांडत बसलो होतो, बेरीज चुकली. मी म्हणालो, "जरा गप बसशील का?" ती गप्प बसली. एवढंच. पुढं माझ्या बेरजा चुकल्या नाहीत.

कट्ट्यावर परत आलो. बाळू उभाच. "कसं काय, दाजी?"

"नुसती खरखर," मी म्हणालो.

पहिलं खोटं हे. त्या वेळी मला ते खोटंसुद्धा वाटलं नाही. वाटलं, परतीच्या वाटेवर अजून थोडं ऐकू, मग सांगू. गंमत म्हणून. बाळू म्हणाला, राहू दे हेल्मेटातच, पुढच्या रविवारी सुधारून देतो.

दुसऱ्या रविवारी त्यानं सेल बदलले, तार जाड घातली. आवाज इतका सुधारला की ओवी म्हणता म्हणता तिनं घेतलेला श्वाससुद्धा मला ऐकू येऊ लागला. मी निकाल दिला — अजून खरखर. बिचारा डोकं खाजवत बसला. "दुकानात झकास चालतंय की ओ! रस्त्यावरच कसं काय बिघडतंय?" ही म्हणाली, "जाऊ दे रं बाळू, त्यास्नी जलमात कुणाचं ऐकू आलंय काय?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

तिसरा रविवार दिवाळीच्या तोंडावरचा. मी इथवर जे सांगितलं ते वाचून तुम्ही म्हणाल, एवढंच ना? बायकोचं गाणं चोरून ऐकलं, त्यात काय मोठं? म्हणूनच मी तेवढं सांगून थांबत नाही. मला कबूल करायचंय ते ह्यापुढचं.

त्या दिवशी बाळू म्हणाला, "आक्का, तू बस हितं. मी जातो दाजींच्या मागनं." त्यानं हिचं हेल्मेट चढवलं. पोरं कट्ट्यावर बसून होती, आज काय ते पक्कं करायचं म्हणून. आम्ही निघालो. गाव संपला आणि कानात बाळू. "दाजी, ऐकू येतंय काय?" मी काही केलं नाही. रस्ता मोकळा होता. बैलगाडी नव्हती, उतार नव्हता. "दाजी, येत असंल तर हात वर करा." थोड्या वेळानं पुन्हा, जरा हळू: "दाजी, एकच डाव. जरासं आलं तरी करा." मग मला उद्देशून नव्हे, आपल्याशीच म्हणाला, "चुकतंय कुठं, आयला?"

आणि मी दोन्ही हातांनी हँडल धरून बसलो.

काय जात होतं माझं? हात वर केला असता तर दोन रविवारचं खोटं उघडं पडलं असतं. हिला कळलं असतं की तिच्या नकला, तिच्या ओव्या, सगळं मी ऐकलंय. मला लाज वाटली असती, आणि ती पुन्हा गप्प झाली असती. ह्या दोन गोष्टींतली कुठली जास्त होती? खरं सांगू — त्या क्षणी लाजच जास्त होती. गाण्याचं मी नंतर मनाशी जुळवलं, बरं दिसावं म्हणून.

कट्ट्यावर मी पोरांना सांगितलं, नळी घ्या.

त्यांनी नळी घेतली. गोव्याला जाताना एकाला मागच्याची शिंक थेट कानात बसली म्हणून दोघं घाटातच भांडली. पुढं एका गाडीतलं पेट्रोल संपलं, तेव्हा दुसऱ्या गाडीतून काढायला तीच नळी कामाला आली, आणि मग पेट्रोलच्या वासानं ती कुणी तोंडाला लावेना. पोरं परत येऊन हे रंगवून सांगत होती तेव्हा बाळू पोट धरून हसला. हसण्यात तो कधी कमी पडला नाही. बाजारपेठेतला गाळा बांगडीवाल्यानं घेतला. बाळू आणखी दोन वर्षं त्याच कट्ट्यावर बसला, आणि पावसाळ्यात पोत्यावर पोतं घालत राहिला.

संच त्यानं आमच्या हेल्मेटांतून काढून घेतला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की माझं काय गेलं. ही अजूनही दर रविवारी माझ्या मागं बसते. गात असेल का? असावी. कधी कधी पाठीला तिच्या हनुवटीचा ठेका जाणवतो. पण हेल्मेटातून काही ऐकू येत नाही. मोठ्यानं गा म्हणावं, तर विचारेल — मी गाते हे तुम्हाला कुणी सांगितलं?

संच काढला त्या दिवशी मी बाळूपुढं एकशे दहा रुपये ठेवले. त्यानं हात मागं घेतला. "न चाललेल्या मालाचं पैसं घ्यायचं व्हय, दाजी? तुमच्याच हिशेबात बसंल काय ते?" मी आग्रह केला. तो ऐकेना. शेवटी म्हणाला, सेल तेवढं नवं घातलं होतं, त्याचं द्या.

दोन सेल, पाच रुपये. दिले बाळूला, शिंप्याच्या कट्ट्यावर. हजर आम्ही दोघंच.